शतावरीची चुलत बहीण

दरवर्षी सप्टेंबरात आमच्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एक लग्न लावायचो. भटजी मी, वाजंत्री मी आणि नवरीकडचा रुसलेला मामाही मीच. विषय असायचा लिलिएसी कुळ. पुस्तकात त्याला दीड पान होतं: सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, तीन कप्प्यांचा अंडाशय. दुपारी दोनच्या तासाला, डबे खाऊन सुस्तावलेल्या पोरांपुढे एवढं वाचून दाखवलं असतं तर निम्मा वर्ग बाकावर डोकं टेकून झोपला असता. माझ्या वर्गात कुणी झोपत नसे. याचा मला फार माज होता.

नवरदेव कांदा. त्याच्या लाल सालीचाच मी त्याला फेटा बांधायचो. लसूण त्याचा धाकटा भाऊ, कधी एकटा म्हणून दिसणार नाही. कोरफड ही काटेरी मावशी, जवळ गेलं की ओरबाडते, पण पोटात नुसता गर. शतावरी ही हडकुळी आत्या, घरात बाळंतपण निघालं की तेवढ्यापुरती सगळ्यांना आठवते. ही मंडळी टेबलावर मांडून झाली की शिपाई ओढणीने झाकलेली कुंडी घेऊन यायचा. मी तोंडाने सनई वाजवत ओढणी दूर करायचो. आत नवरी. कळलावी.

तिला पाहिलं नसेल त्याला सांगतो. फूल खाली मान घालून लोंबतं आणि सहाही पाकळ्या उलट्या फिरून आभाळाकडे उभ्या राहतात. कडा कुरळ्या, बुडाशी पिवळा रंग, टोकाला तांबडाभडक. पानांची टोकं पुढे लांबून तारेसारखी वळतात आणि हाताशी येईल ते पकडून वेल वर चढते. आमच्याकडे पावसाळ्यात कुंपणाकुंपणातून दिसते, पण घरात कुणी आणत नाही. ती आणली की घरात भांडण लागतं म्हणतात. त्यामुळे ओढणी निघाली की पुढच्या बाकावरच्या पोरी मागे सरकायच्या आणि मी माझं ठरलेलं वाक्य टाकायचो.

"घाबरू नका. शतावरीची चुलत बहीण आहे ही. दिसते नटवी, पण घरचं वळण सगळं कांद्यालसणाचं."

वर्ग खदखदून हसायचा. त्या हशासाठी मी वर्षभर थांबायचो. पुस्तकात कळलावीपुढे अर्धी ओळ होती, 'कंद औषधी व विषारी'. त्यातला 'औषधी' मी वाचायचो. 'विषारी'ला हशा नव्हता.

ज्या मुलीबद्दल लिहितो आहे ती आंजी गावची होती. रोज एसटीने यायची, दुसऱ्या बाकावर बसायची आणि हसताना ओढणीचं टोक तोंडावर धरायची. माझे विनोदसुद्धा ती वहीच्या समासात उतरवून घ्यायची. गिरडच्या टेकडीवर आमची सहल गेली तेव्हा कळलावीचा सगळ्यात चांगला नमुना तिनेच आणला. फूल, कळी, पान, शेंग, आणि खाली मातीने भरलेला कंद. मी खिशातला चाकू काढून कंद छाटून टाकला. वाळवायच्या रोपाचा कंद कधी कागदावर सपाट बसत नाही. दाबयंत्रात कागद फुगतो आणि शेजारच्या नमुन्यांना बुरशी येते. म्हणून कंद तोडायचा, अशी आमच्याकडे पहिल्यापासूनची पद्धत. आमच्या कपाटात कळलावीचे वीसेक कागद असतील, एकालाही कंद नाही. तिच्या कागदाला मी दहापैकी दहा दिले.

आता एक कबुली. ती पास होऊन गेल्यावर मला एका उजळणी वर्गाला पाठवलं होतं. तिथे एका बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं की तुम्ही शिकवता ते लिलिएसी कुळ आता उरलेलं नाही. ती एक अडगळीची खोली होती, सहा पाकळ्यांचं जे दिसेल ते लोकांनी तिच्यात टाकलं होतं. आता पेशींमधला आनुवंशिक मजकूर वाचून ती खोली रिकामी केली आहे. कांदा-लसूण एका घरी, शतावरी दुसऱ्या, कोरफड तिसऱ्या. आणि कळलावी गेली कोल्चिकेसी नावाच्या एका लहानशा कुळात. तिथले तिचे सख्खे नातेवाईक बहुतेक परदेशातले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या अंगात एकाच जातीचं जहाल विष. कंदात सगळ्यात जास्त.

मी ते सगळं एका कागदावर लिहून घेतलं, परत आल्यावर प्रयोगशाळेच्या खणात ठेवून दिलं. कुणी विचारलं तर सांगायला कारण तयार होतं: परीक्षेत जुनंच विचारतात. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण असं की नवं वर्गीकरण शिकवलं तर नवरीचं वऱ्हाडाशी काही नातंच राहत नव्हतं आणि माझं लग्न मांडवातच मोडत होतं. पुढची तीन वर्षं मी ते तसंच लावलं.

मग एका डिसेंबरात दुपारी फोन आला. मी एकटाच नमुन्यांना डांबराच्या गोळ्या घालत बसलो होतो.

"सर, मी आंजीची. ओळखलं?" तिने नाव सांगितलं. आता ती गिरडच्या अलीकडच्या एका गावात धाकटी सून होती. लग्नाला चार वर्षं झाली होती. "एक विचारायचं होतं. कळलावीच्या कंदाने केस जातात का?"

मला काय सुचावं. म्हणालो, "कुणाचे घालवायचे आहेत? नवऱ्याचे घालवू नको, नंतर पाहवणार नाही."

ती हसली नाही. मग ती म्हणाली, "सर, माझ्या जावेचे गेले. सगळे. भुवयासुद्धा."

मी हातातली डबी खाली ठेवली.

तिने जे सांगितलं ते असं. मोठी जाऊ दुसऱ्या खेपेला बाळंत झाली, पण दूध उतरेना. सासूने शतावरी आणायला सांगितली. ही आनंदाने कुदळ घेऊन निघाली, घरात एकटीच बीएस्सी, मुळं ओळखायचं काम आपलंच असं वाटून. शेताच्या धुऱ्यावरच्या कुंपणात शतावरीचं जाळं होतं. त्याच्यातच एक वाळून गेलेली वेल गुंतली होती, फूल नाही, पान नाही. खणल्यावर दोन्हींची मुळं एकत्र वर आली. शतावरी फार थोडी निघाली, तो दुसरा कंद मात्र चांगला हातभर. अंगणात धुवायला घेतली तेव्हा सासूने तो कंद उचलून बाजूला टाकला. कळलावी आहे, विष आहे म्हणाली. ही म्हणाली, "आई, ती शतावरीच्याच कुळातली आहे. आम्हाला कॉलेजात शिकवलं. औषधीच असते." सासू वाद घालू लागली तेव्हा हिचा नवरा मध्ये पडला. "आई, ती शिकून आली आहे. तुले काय माईत."

सकाळी दुधात उकळून वाटीभर दिलं. दुपारी उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळपर्यंत जाऊ उठून बसेना. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. काय खाल्लं असं तिथे विचारलं तेव्हा हिने सांगितलं, शतावरी. तिच्या मनात तेच होतं. डॉक्टरांनी आपल्या परीने जीव ओढून आणला, अकरा दिवसांनी घरी पाठवलं. घरी येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच जावेने वेणी सोडली आणि अर्धी फणीसोबत आली. तिसऱ्या दिवशी डोकं उघडं पडलं.

"आता गाव म्हणतं करणी आहे," ती म्हणाली. "दवाखान्यातून चांगली होऊन आलेल्या बाईचे केस असे कसे जातील. मला चार वर्षं झाली, मूल नाही. म्हणून मी केलं म्हणतात. मला चुलीजवळ येऊ देत नाहीत, माठाला हात लावू देत नाहीत. बाहेरचं पाहणारा एक माणूस बोलावला आहे. सोमवारी येणार आहे. सगळ्या गावापुढे माझं नाव घेईल तो."

"तू सांगितलं का त्यांना, कंदाचं?"

"मी सांगितलं तर म्हणतील स्वतःला वाचवते आहे. तुम्ही या सर. सोमवारच्या आत या."

फोन ठेवून मी खण उघडला. तो कागद होता तिथेच होता. त्या बाईंनी विषाची लक्षणंही सांगितली होती, आणि माझ्याच अक्षरात ती लिहिलेली होती: आधी उलट्या-जुलाब, मग अवयव खचणं, आणि त्यातून माणूस वाचला तर साधारण दोन आठवड्यांनी केस गळणं. शेवटचे चार शब्द मी अधोरेखित केले होते. बहुधा पुढे कधीतरी विनोदाला उपयोगी पडतील म्हणून.

रविवारी सकाळी मी कपाटातला तिचाच कळलावीचा कागद काढला, पिशवीत घातला आणि मोटरसायकलने निघालो. वाटेत हिंगणघाटपर्यंत मी भाषणाची तालीम करत होतो. एक भाषण असं होतं की त्यात विष होतं, केस होते, विज्ञान होतं, पण मी नव्हतो. ते फार छान जमलं होतं. पुढे समुद्रपूरच्या फाट्यावर चहा घेताना लक्षात आलं की मी वगळला तर तिने तो कंद का दिला याला कारणच उरत नाही. मग कारण एकच उरतं, आणि ते गावाने आधीच ठरवलेलं होतं. चहा अर्धा टाकून उठलो.

घरात पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता. त्याच्या कडेला मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. समोर सासू जमिनीवर, दाराशी धाकटा मुलगा म्हणजे हिचा नवरा, आणि भिंतीला टेकून डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली जाऊ, मांडीवर बाळ. बाळाच्या तोंडात बाटली. ती मुलगी स्वतः आतल्या दाराच्या चौकटीत उभी होती, ना आत ना बाहेर.

मी कागद काढून सासूपुढे ठेवला. वाळून फूल तपकिरी झालं होतं, पण उलट्या पाकळ्या दिसत होत्या.

"मावशी, ही कळलावी. तुमच्या मोठ्या सुनेचे केस हिने घेतले. करणीने नाही. हे विष अंगात गेलं की माणूस वाचला तरी पंधरा दिवसांनी केस जातात. पुस्तकात आहे. पुन्हा येतातही."

तिने कागद हातात घेऊन वरखाली पाहिला. "आन् कंद कुठी हाये याचा?"

"कंद आम्ही कापून टाकतो. कागदावर बसत नाही."

"ज्याच्यात इख हाये तेच कापून टाकता," ती म्हणाली. रागाने नाही, चौकशी केल्यासारखं. मग उठली, आतून देवळीतला एक चिंधीचा पुडका घेऊन आली आणि उघडून त्यातला तुकडा कागदावर ठेवला. नांगराच्या फाळासारखा दोन बाजूंना वळलेला, एक टोक तुटकं. "उरला तवा म्या ठिवून देला होता. कोनी ईचारन म्हून. कोनीच नाई ईचारलं."

माझ्या नमुन्याच्या मोकळ्या जागेत तो कंद बरोबर बसला.

"मावशी, तिचं चुकलं नाही," मी म्हणालो. "मी शिकवलं तिला. ही शतावरीची बहीण आहे, घाबरू नका, असं मीच सांगितलं वर्गात. गंमत म्हणून सांगितलं. ती शतावरीची कुणीच नाही, हे मला नंतर कळलं, तेही मी कुणाला शिकवलं नाही. विष आहे हे तर पहिल्यापासून माहीत होतं."

दाराशी उभा असलेला नवरा बाहेर अंगणात पाहू लागला.

"मंग करनी नाई," सासू शेवटी म्हणाली. "सोमवारी त्याले येऊ नको म्हना."

चौकटीतली मुलगी हळूच खाली बसली. मला वाटलं, झालं. माझा प्रयोग रंगला की मला आतून एक ऊब येते, ती यायला लागलीसुद्धा होती.

मग सासू तिच्याकडे न पाहता मला म्हणाली, "सर, तुमी आले, खरं बोलले, हे चांगलं केलं. पन म्या तिले सांगतलं होतं का नाई, ईचारा. म्या हा कंद हातानं बाजूले फेकला होता. तिनं उचलून घेतला. मी अडानी. माह्या मायनं मले दाखवलं होतं, तिच्या मायनं तिले. त्याले कायी किंमत नाई. तुमी एक डाव हसून सांगतलं, त्याची किंमत."

"तिला माहीत नव्हतं, मावशी."

"मले माईत होतं ना."

तेव्हा जाऊ पहिल्यांदा बोलली. आवाज चिरका झाला होता. ती माझ्याशी नाही, चौकटीकडे पाहून बोलली. "शतावरी मूल राह्यसाठी बी देतेत. तू चार सालापासून दवाखाने करून राह्यली. मंग त्या दिशी तू काऊन नाई घेतली?"

मुलीने मान खाली घातली. "शतावरी एकाच वाटीपुरती होती, बाई. तुम्हाला दूध नव्हतं."

हे खरं होतं. मी शपथेवर सांगेन की खरं होतं. पण त्या खोलीत ते कसं ऐकू गेलं तेही मी ऐकलं. पंचवीस वर्षं वर्गापुढे उभा आहे. आपलं वाक्य समोरच्याने घेतलं की नाही हे मला श्वासावरून कळतं. कुणी घेतलं नाही. माझ्या तालमीत हा प्रश्न नव्हता.

चहा आला. तो मी प्यालो. सासूने ठरवलं ते शांतपणे सांगितलं: मोठीचे केस येईतो धाकटीने आंजीला, माहेरी राहावं. "घरात रोज एकमेकीचं तोंड पाहून दोघींचंबी खानं होनार नाई." नवऱ्याने मान हलवली. त्याने 'तुले काय माईत' म्हटलं होतं, ते कुणालाच आठवत नव्हतं, त्याला तर अजिबात नाही.

तासाभराने फाट्यावरच्या निवाऱ्यात ती एक बॅग घेऊन बसलेली होती. नवरा तिला सोडून परतला होता. मी गाडी थांबवली. समुद्रपूर, हिंगणघाट, वर्धा, मग आंजी, अशा गाड्या बदलत तिला जायचं होतं.

"मी उलट वाईटच केलं का गं?" मी विचारलं.

"नाही सर. उद्या तो माणूस आला असता तर गावात राहताच आलं नसतं. आता निदान माहेरी जाते आहे." बॅग जवळ ओढून म्हणाली, "माझ्या मावससासूनेही एकदा सांगितलं होतं, कळलावीला हात लावू नको. ते मी विसरले. तुमचं लक्षात राहिलं. तुम्ही फार चांगलं शिकवत होता."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. तेवढ्यात गाडी आली.

परत येऊन मी पहिलं काम केलं ते कपाटाचं. कांदा-लसूण एका फायलीत, शतावरी एका, कोरफड एका. कळलावीच्या कागदांना शिपायाकडून लहान कापडी पिशव्या शिवून घेतल्या, आणि सासूने दिलेला तो कंद पहिल्या कागदाच्या पिशवीत घातला. कपाटाचं दार आता नीट लागत नाही. नव्या फायलीवर कोल्चिकेसी लिहिलं. आमच्या जिल्ह्यातलं त्या कुळातलं दुसरं काही माझ्याजवळ नाही, म्हणून फाईल बारीकच आहे.

मार्चअखेर मी तिच्या नवऱ्याला फोन केला. "केस येऊन राह्यले सर," तो म्हणाला. "बारीक बारीक, पन येऊन राह्यले."

"मग आणा तिला."

"आई म्हन्ते, पुरे येऊ द्या."

जुलैत पुन्हा केला. केस खांद्याला नाही, पण कानाखाली आले होते, पहिल्यापेक्षा कुरळे. "मग?" म्हटलं. "आई म्हन्ते, पेरन्या झाल्या, आता निंदन-खुरपन होऊ द्या."

सप्टेंबरात लिलिएसीचा तास आला. टेबलावर मी काहीच मांडलं नाही. वरच्या वर्गातल्या कुणीतरी सांगून ठेवलं असावं, कारण एक मुलगी म्हणाली, "सर, ते लग्न लावा ना, आम्ही ऐकलं आहे." मी फळ्यावर चार कुळांची नावं लिहिली, कळलावीचा कागद फिरवला, पिशवीतला कंद काढून सगळ्यांना दुरून दाखवला आणि म्हटलं, हे विष आहे, घरचं म्हातारं माणूस नको म्हणालं तर माझं ऐकू नका. मागच्या बाकावर दोघं झोपले. मी त्यांना उठवलं नाही. त्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत 'लिलिएसी कुळातील चार वनस्पतींची नावे लिहा' असा प्रश्न होताच. एकाने कळलावी लिहिली. उत्तरपत्रिका तपासताना नमुना उत्तरात होती म्हणून मी त्याला गुण दिला.

त्या दिवशी तास संपल्यावर मी व्हरांड्यात उभं राहून फोन लावला. तिच्या नवऱ्याने उचलला. मागे थ्रेशरचा आवाज येत होता.

"केस?"

"चांगले झाले सर. वेनी येते आता."

"मग आणा की तिला."

तो थ्रेशरवरून आवाज चढवून म्हणाला, "आई म्हन्ते, सोयाबीन निघू द्या."